मंडळीची जुनी दप्तरं

आज दिवसभर मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चची, जुनी रजिस्टरं चाळली. मराठवाड्यात असा इतिहास लिहिणाऱ्यांनी आधी सन बघावा. निजामी नोंद फसलीत, म्हणजे निजामाच्या महसुली सनात, असेल तर इसवी सनासाठी ५९० मिळवा. १३५८ फसली म्हणजे १९४८-४९. दानाच्या वहीत 'हाली' (निजामाचा रुपया) असेल तर सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार (इंग्रजी रुपये). हे विसरलं की वर्गणी उगाच फुगते.

बाप्तिस्त मंडळीत तान्ह्या लेकरांचा बाप्तिस्मा होत नाही. कळत्या वयात, विश्वास कबूल केल्यावर, पाण्यात पूर्ण बुडवून होतो. म्हणून बाप्तिस्म्याच्या आकड्यात घरातली लेकरं येतच नाहीत! सभासदत्वाचं पत्र घेऊन दुसऱ्या मंडळीतून आलेले वेगळे मोजा, नाहीतर एकच माणूस दोन गावांत दिसतो.

कसर लागलेल्या पानांना लॅमिनेशन मात्र करू नका, कृपा करून. ते परत सुटत नाही. उजेडात फोटो काढा.