पिशवीभर सातबारे आणि एआय

नाशिकच्या जिल्हा न्यायालयात माझी बहुतेक कामं जमिनीच्या वाटपाची. निफाड-दिंडोरीकडचे पक्षकार पिशवीभर सातबारे, फेरफार आणून टेबलावर ठेवतात. त्यांची तारीखवार यादी आता एआय करतं. नावं, आधार क्रमांक आम्ही आधीच झाकतो. मग ज्युनिअर प्रत्येक गट नंबर, क्षेत्र मूळ उताऱ्याशी ताडून बघते. ०.४० हेक्टरचं ४.०० झालं तर दाव्याचं वाटोळंच!

युक्तिवादात दाखवायचे जुने निवाडे मात्र एआयकडून घेतच नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात चॅटजीपीटीने रचलेले खोटे निवाडे दाखवणाऱ्या वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला.

वाचलेला वेळ पक्षकाराचं ऐकून घ्यायला मिळतो. बहिणीने हक्कसोडपत्र कुणाच्या दबावाखाली करून दिलं, हे फेरफारात नसतं. तिलाच विचारावं लागतं.