आमची वाटचाल : थप्पीतला मधला ट्रे

धंदा सुरू केला तेव्हा मी, बायको आणि एक मदतनीस, एवढीच माणसं होती. कॅन्टीन, वसतिगृहं आणि रुग्णालयांना जेवणाचे ट्रे पुरवायचे, हे आमचं काम. गिऱ्हाईक खण किती आणि रंग कुठला एवढंच विचारायचं. आम्हीही तेवढं सांगून माल पाठवायचो.

एकदा रुग्णालयाच्या एका स्वयंपाकघरातून तक्रार आली, ट्रेंना वास येतोय. माल चांगला होता, म्हणून मी खात्रीने गेलो आणि तासभर मोरीजवळ उभा राहिलो. धुतलेले ट्रे घाईघाईत ओलेच एकावर एक रचले जात होते. थप्पीतला मधला ट्रे ओढून काढला, तर आत पाणी तसंच साचलेलं. बोट फिरवलं, बुळबुळीत लागलं. आमच्या ट्रेचा तळ सपाट, त्यामुळे वरचा खालच्यात गच्च बसायचा आणि हवा जायला वाटच उरायची नाही. ओल कोंडली की जंतू वाढणारच. धुणाऱ्या बायका काम नीट करत होत्या. चूक ट्रेच्या घडणीत होती, आणि ती घडण निवडून दिली होती आम्ही. सगळा माल बदलून दिला. नव्या ट्रेच्या कोपऱ्यांना बारीक उंचवटे होते, त्यामुळे रचल्यावरही मधे फट राहते.

तेव्हापासून भाव सांगायच्या आधी आम्ही विचारतो, ट्रे धुता कसा, वाळवता कुठे? भांडी धुण्याच्या मोठ्या यंत्रात शेवटचं पाणी ८२ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक एवढी उष्णता सहज सोसतं, ते वितळतं साधारण १६० अंशांना. मेलामाइन हे कडक प्लास्टिक दिसायला देखणं, चिनी मातीसारखं. पण ते मायक्रोवेव्हमध्ये घालायचं नसतं, आणि ७० अंशांच्या वर तापलं तर त्यातून फॉर्मल्डिहाइड हे घातक रसायन सुटण्याचं प्रमाण वाढतं. जिथे ट्रेमध्येच अन्न पुन्हा गरम करतात तिथे आम्ही ते देत नाही. यापायी मोठ्या ऑर्डरी गेल्या, जाऊ दिल्या.

स्टीलच्या बाबतीत सगळ्यात जास्त समजूत घालावी लागते ती लोहचुंबकाची. ३०४ या चांगल्या प्रतीच्या स्टीलला चुंबक चिकटत नाही असं धरून गिऱ्हाईक चुंबक घेऊनच येतं. ट्रेच्या कोपऱ्याला तो किंचित ओढला गेला की म्हणतं, "हे ३०४ नाहीच." खरं तर ३०४ चा पत्रा साच्यात दाबून खण काढले की ताणलेल्या कोपऱ्यांत थोडं चुंबकत्व येतं. आणि २०२ या हलक्या प्रतीच्या सपाट पत्र्यालाही चुंबक चिकटत नाही. म्हणजे या परीक्षेत चांगला माल नापास होतो आणि हलका पास होतो. आम्ही पत्र्याचं प्रमाणपत्र समोर ठेवतो. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त, म्हणून आंबट-खारट पदार्थ आणि रोजचं धुणं यांपुढे ते लवकर डागाळतं.

काठ मात्र हाताने बघावा. तो आत वळवून बंद केलेला हवा. उघड्या कडेने बोट कापतं, आणि अर्धवट वळवलेल्या कडेत खरकटं अडकतं. खणांचे कोपरे गोल नसतील तर तिथेही तेच. ट्रे नीट बसावा म्हणून ट्रॉलीच्या कप्प्यांची मापं घ्यावीत, हे वेगळं सांगायला नको. रुग्ण आणि लहान मुलं ट्रे स्वतः उचलणार असतील तर भरलेल्या ट्रेचं वजन करून बघा, रिकाम्याचं नको.

आता कुणी कितीही घाई केली तरी आधी दहा ट्रे पंधरा दिवस वापरायला देतो. परत बघायला हल्ली माझी मुलगी जाते. गेल्या गेल्या ती थप्पीतला मधला ट्रे ओढून काढते आणि तळावरून बोट फिरवते.