आमची वाटचाल : शिलाईपासून स्टडी बायबलपर्यंत

आमचा धंदा मुळात दुरुस्तीचा. फाटकी पुस्तकं उसवायची, पुन्हा शिवायची, नवा पुठ्ठा चढवायचा. त्यात बायबलंच जास्त येऊ लागली, कारण रोज हाताळलं जाणारं एवढं जाड पुस्तक घरात दुसरं सहसा नसतं. शिलाई सोडवून जुज, म्हणजे दुमडून एकत्र शिवलेले पानांचे गठ्ठे, सुटे केले की वाचणाऱ्याची सवय समोर दिसते. स्तोत्रसंहितेच्या कडा बोटांनी काळवंडलेल्या, योहानाचं शुभवर्तमान सैल पडलेलं, आणि गणना, इतिहास मात्र छापखान्यातून आल्यासारखे कोरे.

पुढे जाडजूड स्टडी बायबलं, म्हणजे वचनांसोबत अर्थ सांगणाऱ्या टिपा छापलेली बायबलं, यायला लागली. त्यांची तक्रार वेगळी : पानं स्वच्छ, पण स्वतःच्या वजनानेच पाठ खचलेली. घेणाऱ्याने हौसेने घेतलं होतं, वाचायला जुनं छोटंच वापरत होता. मग लोक विचारू लागले, ‘घ्यायचंच तर कोणतं घ्यावं?’ त्या प्रश्नातून विक्री सुरू झाली. आज दुरुस्तीपेक्षा सल्ल्यातच वेळ जास्त जातो, आणि त्याचे पैसे घेता येत नाहीत!

गिऱ्हाईक आधी भाषांतराचं विचारतं. आम्ही आधी विचारतो, टिपा कुणाच्या हव्यात? वचन वर आणि टीप खाली, पण कागद एकच, शाई एकच. नवख्या वाचकाला दोन्ही सारख्याच अधिकाराचं वाटतं. हे आजचं नाही. १५६० च्या जिनिव्हा बायबलच्या समासात प्रॉटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या परंपरेतल्या टिपा होत्या. त्यातल्या काही राजसत्तेला टोचणाऱ्या असल्याने इंग्लंडच्या जेम्स राजाला त्या खटकल्या. त्याच्या आदेशाने झालेल्या १६११ च्या भाषांतरासाठी म्हणूनच नियम झाला की समासात मूळ हिब्रू-ग्रीक शब्दांचा खुलासा आणि संदर्भवचनं एवढंच द्यायचं. उलट १९०९ साली आलेल्या स्कोफिल्डच्या बायबलने टिपांच्या जोरावर देवाने इतिहास ठरावीक युगांत विभागला आहे अशी एक मांडणी घरोघरी पोचवली. कित्येकांना ती टिपांतली आहे, वचनातली नाही, याचा पत्ताच नव्हता.

म्हणून आम्ही टेबलावर दोन-तीन बायबलं शेजारी उघडून ठेवतो. मत्तय १६:१८ काढायला सांगतो, ‘या खडकावर मी आपली मंडळी रचीन’. कॅथलिक आवृत्तीची टीप येशूचा शिष्य पेत्र याच्या अधिकाराकडे नेते. प्रॉटेस्टंट आवृत्तीत बहुधा पेत्राच्या कबुलीवर किंवा प्रेषित म्हणून त्याच्या वाट्याला आलेल्या कामावर भर असतो. मग प्रकटीकरण २०, हजार वर्षांचं राज्य. टीप एकच अर्थ ठोकून सांगते की इतर मतंही नोंदवते, हे तिथे पाच मिनिटांत कळतं. वैयक्तिक वाचनाला आम्ही दुसऱ्या प्रकारची सुचवतो. एकट्याने वाचताना शंका विचारायला समोर कोणी नसतं. मार्क १६:९–२० सुद्धा बघून घ्यावं. सर्वांत जुन्या काही हस्तलिखितांत ही वचनं नाहीत, हे सरळ सांगणारी आवृत्ती बाकीच्या ठिकाणीही सहसा लपवाछपवी करत नाही. आतली पुस्तकं ६६ (प्रॉटेस्टंट) की ७३ (कॅथलिक), हेही अनुक्रमणिकेत आधी पाहावं; भेट द्यायची असेल तर नक्कीच.

लाल अक्षरांचा आग्रह बरेच जण धरतात. येशूचे शब्द लाल छापायची पद्धत १८९९ पासूनची, न्यूयॉर्कच्या लुई क्लॉप्श या संपादकाने रुजवलेली. आमचं मत विचाराल तर पातळ कागदावर लाल शाई फिकी पडते आणि वयस्कर डोळ्यांना त्रास होतो.

बांधणीवर मात्र आमचं ऐका. जुजबंदी शिलाईचं घ्या, नुसत्या गोंदाने चिकटवलेलं नको. बायबल उत्पत्तीच्या पहिल्या पानावर उघडून टेबलावर ठेवा. आपोआप मिटलं तर मांडीवर घेऊन वाचताना एक हात कायम त्यातच अडकणार. एक पान उजेडासमोर धरा. पाठीमागच्या ओळी पुढच्या ओळींच्या नेमक्या मागे आल्या असतील तर मजकूर स्वच्छ दिसतो. मध्येच डोकावत असतील तर डोळा थकतो. समासात लिहायची सवय असणाऱ्याने बॉलपेन घ्यावं, शाईचं पेन आरपार उतरतं.

शेवटची शब्दसूची आता फारसं कोणी उघडत नाही, शोधाशोध मोबाईलवर होते. ती पानं काढून टिपांचा टाइप मोठा करा, असं आम्ही भेटेल त्या प्रकाशकाला सांगतो. अजून कोणी मनावर घेतलेलं नाही.