कोलशेतची बोट

"तुमचं माहेर साताऱ्याचं, सासर नौपाड्यातलं. घरात कुणी नेव्हीत नाही, बोटीवर नाही. मग हे लढाईतल्या बोटींचं खूळ कुठून घेतलंत?" लग्नाच्या मांडवात, सोसायटीच्या मीटिंगनंतर जिन्यात, कुठेही हे मला विचारलं जातं आणि विचारणाऱ्याला उत्तराची फारशी घाई नसते. खरा प्रश्न मागाहून येतो. बाकीचे पांगले की तोच माणूस आवाज खाली आणून म्हणतो, "आमच्या आईचे काका लढाईच्या वेळी बोटीवर होते म्हणे. त्यांचं काही कळेल का हो?" तुम्ही विचारलंत म्हणून दोन्हींचं एकदम सांगून टाकते.

खूळ नोकरीतलं. मी फोर्टातल्या एका विमा कंपनीत मरीन क्लेमच्या टेबलावर होते. बोटीची कुंडली मांडायची हे रोजचं काम: बांधणी कुठली, टनेज किती, मालक कोण, आधीची नावं काय. ब्रिटिश नोंदणीच्या बोटीला एक अधिकृत क्रमांक मिळे आणि मालक बदलो की नाव बदलो, तो क्रमांक शेवटपर्यंत तिच्याच नावावर राही. रिटायर झाल्यावर वाटलं, बोटी पुष्कळ झाल्या, आता बोटीवरच्या माणसांकडे बघू. तिथे पायाखालची जमीनच सरकली. बोट कुठल्या अक्षांशावर बुडाली, किती वाजता टॉर्पेडो लागला, पाणबुडीचा कप्तान कोण होता, सगळं छापील मिळतं. खाली भट्टीशी कोळसा ओढणाऱ्या आगवाल्याचं नाव मात्र एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरं.

तिलावाचंच घ्या. ब्रिटिश इंडिया कंपनीची ही बोट 20 नोव्हेंबर 1942 ला मुंबईहून आफ्रिकेच्या वाटेला लागली. वाट मोंबासा, लोरेन्सो मार्क्स (आजचं मापुटो) आणि दरबानची. बोटीवर साडेनऊशेच्या आसपास माणसं, बरीचशी गुजराती आणि इतर हिंदी कुटुंबं, आणि दोनशेच्या वर खलाशी. 23 तारखेच्या पहाटे आय-29 या जपानी पाणबुडीने तिला दोन टॉर्पेडो मारले. 280 माणसं गेली. उरलेली लाइफबोटींवर आणि तराफ्यांवर तरंगत राहिली. बर्मिंगहॅम या ब्रिटिश क्रूझरने त्यांतल्या बहुतेकांना 25 तारखेला उचललं आणि 27 ला परत मुंबईत आणून सोडलं.

बोटीत दक्षिण आफ्रिकेच्या सरकारची चांदी होती, नाणी पाडण्यासाठी घेतलेली. 2017 मध्ये ती समुद्रतळातून वर काढली गेली आणि चांदी कुणाची यावर ब्रिटनमध्ये खटला उभा राहिला. 2024 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने निकाल दिला. चांदीच्या विटा 2,364. वीट न् वीट मोजलेली, तिच्या मालकीसाठी वकील उभे. त्याच बोटीवरच्या सारंगाच्या, म्हणजे खलाशांच्या मुकादमाच्या, नातवाने नाव विचारलं तर त्याच्यापुढे तीन स्पेलिंगं ठेवावी लागतात. माझ्या खुळाचं उत्तर हेच, फार शोधायला नको.

आता या आय-29 ची पुढची गोष्ट ऐका, कारण इथे समोरचा हमखास खुर्ची पुढे ओढतो. नेताजी जर्मनीहून पाणबुडीतून गेले हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. यू-180 या जर्मन पाणबुडीतून ते आणि त्यांचे सहकारी आबिद हसन फेब्रुवारी 1943 मध्ये कीलहून निघाले. मादागास्करच्या आग्नेयेला 28 एप्रिलला, खवळलेल्या समुद्रात, रबरी तराफ्यावरून ते जपानी पाणबुडीत गेले आणि मेच्या सुरुवातीला सुमात्रापाशी साबांगला उतरले. ती जपानी पाणबुडी म्हणजे आय-29. मुंबईहून निघालेल्या 280 जणांना पाच महिन्यांपूर्वी बुडवणारी तीच. जुलै 1944 मध्ये सॉफिश या अमेरिकन पाणबुडीने लुझॉनच्या उत्तरेला आय-29 लाही बुडवलं. यावर काहीजण माझ्याकडे असं बघतात, जणू मी नेताजींबद्दल काही वावगं बोलले. मी फक्त पाणबुडीचा नंबर सांगितला.

ठाणेकरांना जवळचं उदाहरण हवं तर कोलशेतचं देते. एका गृहस्थांकडे वडिलांचा नेव्हीचा कागद होता, त्यावर एचएमआयएस (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) अकबर. ही बोट ते कित्येक वर्षं शोधत होते. युद्धनौकांच्या याद्या चाळल्या, फोटो बघितले, कुठे पत्ता नाही. लागणार कसा? रॉयल इंडियन नेव्हीचा तो जमिनीवरचा तळ होता आणि होता आपल्या ठाण्यात, कोलशेतला. गृहस्थ राहायचे घोडबंदर रोडला, म्हणजे रिक्षाच्या अंतरावर. नौदलात तळालाही बोटीसारखंच नाव देतात, त्यामुळे कागदावर माणूस 'अकबरवर' असतो. तलवार कुलाब्याला होती. शिवाजी तर लोणावळ्याला, जिथे समुद्र कुठल्याच खिडकीतून दिसत नाही. 18 फेब्रुवारी 1946 ला तलवारवर नाविकांचा उठाव सुरू झाला, तेव्हा अकबरचे नाविकही त्यात उतरले. आज कोलशेत म्हटलं की लोकांना रेतीबंदर आणि टॉवर आठवतात. तेव्हा कागदावर बोटीचं नाव दिसलं की आधी ती तरंगत होती का, हे तपासायचं.

दुसरी गल्लत रामदासची. आजी म्हणायची "बोट बुडाली त्या साली", नातवंडं ते लढाईला जोडून मोकळी. मी विचारते, गटारी अमावास्या होती का? रेवसला जायला निघाले होते का? होय म्हणाले की विषय मिटला. ती 17 जुलै 1947 ची रामदास, सहाशेच्या वर माणसं गेली, पण लढाई संपून दोन वर्षं होत आली होती. उलट, लढाईत खरंच गेलेल्या खलाशाच्या घरी बोटीचं नावच नसतं. पत्रात बोटीचं नाव लिहायला सेन्सॉरची बंदी.

मग सुरुवात कुठून? माणसाच्या कामावरून. तेव्हा मुंबईतून भरती होताना साधारण ठरलेलं असे: डेकवर रत्नागिरीकडचे, पुष्कळ कोकणी मुसलमान, इंजिनखोलीत पंजाब-सरहद्दीकडचे, सलूनला, म्हणजे जेवणखाण-वाढप्याच्या कामाला, गोव्याचे. आजोबा भंडारी (बोटीवरचा स्वयंपाकी) होते की सुकाणी, तेलवाला की कसाब (बोटीवरचा कोठारवाला), एवढं कळलं तरी यादीचा कुठला भाग बघायचा ते कळतं. गोव्याचे असतील तर धोबीतलावला त्यांच्या गावाच्या कुडीत, म्हणजे गोव्याच्या गावकऱ्यांच्या क्लबात, चौकशी करता येते. आणि 'सारंग', 'तांडेल' दिसलं की थांबायचं. ते आडनावही असू शकतं आणि हुद्दाही. कारकुनाने दोन्हींचा घोळ घातलेला असतो. रत्नागिरीसुद्धा जुन्या कागदांत 'रटनाघेरी' होऊन बसलेली आहे, ठाण्याचं 'ठाना'.

मुंब्र्याच्या एक बाई आजोबांची नळी घेऊन आल्या होत्या. नळी म्हणजे खलाशाचं नोकरीचं पुस्तक, आजचं सीडीसी (कंटिन्युअस डिस्चार्ज सर्टिफिकेट). दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या. आत उंची, ओळखीची खूण म्हणून कपाळावरचा व्रण, डाव्या अंगठ्याचा ठसा. मग ओळीने बोटी: कुठे चढला, कुठे उतरला आणि प्रत्येक ओळीशेवटी 'व्हेरी गुड'चा शिक्का. बाई बोटींची नावं वाचत होत्या. माझी नजर पहिल्या पानावर अडकली, तिथे 'डुप्लिकेट' असा आडवा शिक्का होता. पुस्तक 1943 मधलं, आजोबा मात्र त्याच्या आधीपासून बोटीवर. मग पहिलं पुस्तक गेलं कुठे? भिजलं असेल, हरवलं असेल. पण त्या वर्षांत असा शिक्का दिसला की मी आधी बुडालेल्या बोटींची यादी उघडते. आजोबा परत आले होते, 1970 च्या पुढेपर्यंत जगले आणि पाण्यात पडल्याचं घरात कुणाला बोलले नाहीत, असं बाई म्हणाल्या.

बोट कळली की तिचा अधिकृत क्रमांक काढायचा, आणि इथे माझं जुनं टेबल कामाला येतं. लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या व्यापारी बोटींचे खलाशी-करार आहेत, बीटी 381 या मालिकेत. ते लावलेत बोटीच्या क्रमांकाप्रमाणे. माणसाच्या नावाने शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. आजोबा गेलेच असतील तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी नेटवर फुकट बघता येते. आणि एकदा ठाण्याहून स्लो लोकल पकडून मस्जिदला उतरा. पूर्वेला इंडियन सेलर्स होम आहे. पहिल्या महायुद्धातल्या, समुद्राखेरीज दुसरी कबर नसलेल्या दोन हजारांवर खलाशांचं स्मारक तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सुमारे साडेसहा हजारांची नामावली आहे, तिची जोडी चितगावला. शेजारी मिरची-मसाल्याची घाऊक दुकानं, हातगाड्या, शिंका. आत कुणी फिरकत नाही.

तरुण मुलं येतात ती बहुतेक पाणबुड्यांसाठी. खुकरीचं विचारतात: 9 डिसेंबर 1971, दीवजवळ पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने बुडवली, 18 अधिकारी आणि 176 नाविक गेले, कॅप्टन मुल्ला बोटीबरोबर. त्यांना टॉर्पेडोची जात, खोली, सोनार यांत रस. असू दे, वयच तसं आहे. पण एक फरक त्यांना दाखवून देते: खुकरीवरच्या प्रत्येकाचा हिशेब आपल्या नौदलाकडे आहे, दीवला स्मारक आहे. लास्करांचं, म्हणजे ब्रिटिश बोटींवरच्या हिंदी खलाशांचं, तसं नव्हतं. पगार गोऱ्या खलाशाच्या पासंगालाही पुरायचा नाही; 1939 मध्ये लढाई सुरू होताच पगारवाढीसाठी त्यांनी ब्रिटनच्या बंदरांत बोटी अडवल्या होत्या आणि त्यासाठी काहीजण तुरुंगातही गेले. एका अर्थी ते बरं झालं. कोर्टाच्या कागदात तरी नावं लागली.

तुम्हाला यायचं असेल तर या. येताना आजोबांचं, त्यांच्या वडिलांचं आणि गावाचं नाव आणा, नळी असेल तर लॅमिनेट न करता आणा. लॅमिनेटखाली शिक्के वाचता येत नाहीत आणि ते सोलायला गेलं की शाई सुटते. फोर्ट स्टिकिन या बोटीवरच्या सोन्याबद्दल, 14 एप्रिल 1944 च्या स्फोटात गोदीभर उडालेल्या त्या विटांबद्दल, चहा पिऊन विचारा. पदकं आणि पेन्शनचं मला विचारू नका, त्यातलं मला कळत नाही. आणि रविवारी नको. त्या दिवशी आमच्याकडे बोटीचं नाव काढायचं नाही, असा ह्यांचा नियम आहे.