आमची वाटचाल : भाड्याच्या यंत्रांवरचं डॉकिंग

डॉकिंग म्हणजे औषधाचा संभाव्य रेणू प्रथिनाच्या खाचेत कसा बसेल, हे संगणकावर आजमावणं. सुरुवात दोन जुन्या वर्कस्टेशनवर, ऑटोडॉक व्हिना हे डॉकिंगचं सॉफ्टवेअर घेऊन. मधली वर्षं सुरळीत गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं ते एका शनिवार-रविवारचं, ज्यात कंपनी बुडता बुडता वाचली.

क्लाउडवरची भाड्याची यंत्रं, दहा लाख रेणू, हजार-हजारांचे गठ्ठे, कामांच्या रांगेत गठ्ठ्यामागे एक असे एक हजार संदेश. यंत्राने संदेश उचलला की तो बाकीच्यांपासून लपतो. किती वेळ, ते आपण ठरवायचं. आम्ही मूळची 30 सेकंदांची सेटिंग तशीच ठेवली. गठ्ठ्याला लागत दोन तास! अर्ध्या मिनिटात संदेश पुन्हा वर, तोच गठ्ठा दुसऱ्या यंत्राकडे, मग तिसऱ्याकडे. रांग हटेना म्हणून ऑटोस्केलिंग (कामानुसार यंत्रं आपोआप कमी-जास्त करणारी सोय) यंत्रं वाढवत सुटलं. सोमवारी निकाल तुटपुंजे आणि बिल कित्येक महिन्यांच्या कमाईएवढं. बिलमाफीसाठी क्लाउड कंपनीकडे केलेल्या अर्जाला साचेबंद उत्तर आलं, ते अजून जपून ठेवलंय.

आता लपण्याची मुदत 15 मिनिटं, काम चालू असेतो दर 5 मिनिटांनी ती वाढवायची. निकाल आधीच जमा आहे का, हे पाहिल्याशिवाय गठ्ठा उघडायचा नाही. गठ्ठे 200 चेच, कारण स्वस्तातली स्पॉट यंत्रं (क्लाउड कंपनीची रिकामी पडलेली यंत्रं) दोन मिनिटांच्या नोटिशीवर काढून घेतात. बिलाचा इशारा तासन्‌तास उशिरा येतो, तेव्हा कमाल मर्यादा यंत्रांच्या संख्येलाच घाला. आणि 16 कोअरवर एकच रेणू चालवू नका: एक्झॉस्टिव्हनेस (एका रेणूसाठी किती स्वतंत्र शोध चालवायचे तो आकडा) 8 असेल तर निम्मे कोअर बसून राहतात. एका कोअरवर एक रेणू, असे सोळा सोडा.

त्याच सुमारास एका स्पर्धकाने निम्म्या दरात कामं उचलली. अंबरनाथचे आमचे जुने ग्राहकही तिकडे गेले. परत आले ते स्पर्धकाची लॉग फाइल घेऊनच: एक्झॉस्टिव्हनेस 1! आठ-दहा फिरते बंध असलेला रेणू एवढ्या उथळ शोधात भलत्याच जागी बसतो, आणि स्कोअर मात्र कधीकधी देखणा दिसतो.

या अंबरनाथच्या ग्राहकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "स्फटिकातला लिगंड काढून परत डॉक केलात? आरएमएसडी किती?" म्हणजे प्रथिनाच्या स्फटिकरचनेत मुळातच बसलेला रेणू परत बसवल्यावर मूळ जागेपासून सरासरी किती सरकला. तो आकडा 2 अँगस्ट्रॉमच्या वर गेला तर ते पुढचं ऐकत नाहीत. मग बॉक्सचा (शोधाच्या चौकटीचा) मध्य तपासायचा, प्रथिनाच्या फाइलच्या साफसफाईत धातूचा आयन उडालाय का पाहायचं. तेही ठीक असेल, तर बहुधा प्रथिनातल्या हिस्टिडीन या अमिनो आम्लाचा हायड्रोजन चुकीच्या नायट्रोजनवर बसलेला असतो.