ऑनलाइनमुळंच ना?

भाजी मंडईत, लग्नाच्या पंगतीत, डॉक्टरांच्या बाकावर, कुठंही गाठ पडली की प्रश्न ठरलेला. "ताई, दुकान का ओ बंद केलासा?" आणि मी तोंड उघडायच्या आत विचारणाराच उत्तर देऊन मोकळा होतो, "ऑनलाइनमुळंच ना?" मी मान हलवते. मान हलवली की विषय दोन मिनिटांत संपतो आणि दोघांनाही आपापली मेथी निवडून घेता येते.

पण परवा एक जुनं गिऱ्हाईक भेटलं. चौथीत असताना वडिलांचं बोट धरून आलेला, आता स्वतःच्या पोराला घेऊन फिरणारा. त्यानं विचारलं आणि गप्प उभा राहिला. उत्तर स्वतः दिलं नाही. रस्त्यात मला काही सुचेना, म्हटलं, सांगते कधीतरी. तुम्ही सगळेच विचारता, म्हणून हे लिहितेय. लांबणार आहे.

आमचं खेळाच्या सामानाचं दुकान सांगलीत, हरभट रोडजवळच्या बोळाच्या तोंडाशी होतं. दहा बाय बावीस. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते १९६८ साली काढलं, मी ३१ मार्च २०२४ ला शटर ओढलं. तारीख मुद्दाम ती, पुढच्या आर्थिक वर्षाचं रिटर्न भरायला नको म्हणून. काहींना त्यात काहीतरी मोठं दिसलं. तसं काही नाही, सीएंनी सांगितलं होतं.

अण्णांना खेळाचं वेड लागायला सांगलीच कारणीभूत. क्रिकेटपटू विजय हजारे इथं जन्मले. नंदू नाटेकरही इथलेच. १९५६ साली त्यांनी मलायातली सेलांगरची स्पर्धा जिंकली, परदेशातलं विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. अण्णा तेव्हा शाळकरी होते, ती बातमी त्यांना आयुष्यभर पाठ होती. शिवाय बुद्धिबळ. भाऊसाहेब पडसलगीकरांनी या गावाला पटावर बसवलं, भाग्यश्री साठे, स्वाती घाटे इथून पुढं गेल्या. त्यामुळं आमच्याकडं बुद्धिबळाचे संच जात तेवढे आसपासच्या कुठल्या दुकानात जात नसावेत. अण्णांनी बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा ठेवला होता, सुट्या सोंगट्यांचा. कुणाचं प्यादं हरवलं, कुणाच्या घोड्याचं कुत्र्यानं डोकं चावलं, की डबा उपडा करायचा आणि मापाचं, रंगाचं शोधायचं. प्याद्याला एक रुपया. पुढं मी पाच केले. अर्धा तास शोधून पाच रुपये! हा कसला धंदा, असं माझे यजमान म्हणायचे. त्यांचं बरोबर होतं.

मी १९९३ साली गल्ल्यावर बसले. अण्णांचा हात थरथरायला लागला होता आणि भाऊ मला नाही. मी स्वतः खोखो खेळलेली, जिल्ह्यापर्यंत. म्हणजे बघा, ज्या खेळाला आमच्या दुकानातलं दोन खांब सोडले तर काहीही लागत नाही, तो खेळ खेळून मी हे दुकान चालवायला आले. पहिली दोन वर्षं गिऱ्हाईक दारात उभं राहून आत डोकावायचं आणि विचारायचं, "कोण हाय का?" मी समोर बसलेली असायची. पोरांची सगळ्यात पंचाईत सेंटर पॅडची, म्हणजे जांघेत घालायच्या गार्डची. कडक सीझन बॉल खेळायचा तर ते पाहिजेच, पण बाईकडं मागायचं कसं? "मामा आहेत का? त्यांच्याकडंच काम आहे." शेवटी मी सरळ बॅटबरोबर वर्तमानपत्रात गुंडाळून एक देऊन टाकायला लागले आणि बिलात 'इतर' लिहायला लागले. सगळे सुटले.

मामा म्हणजे आमचे कारागीर. खरं दुकान ते होते. समोर काचेच्या कपाटात माल असायचा, मागं चार फुटांच्या जागेत मामा. रॅकेटचं गटिंग म्हणजे जाळी विणणं, बॅटचं हँडल बदलणं, चिरलेल्या बॅटला सरस भरून दोरा आवळणं, ग्लोव्हजची शिवण, फुटबॉलचा ब्लॅडर, कॅरमची फाटलेली जाळी. एका बॅडमिंटन रॅकेटला दहा मीटर गट लागतो. उभे बावीस, मग आडवे, एक वर एक खाली. मामा ते बोलत बोलत विणायचे, आणि शेवटची गाठ मारताना तेवढे गप्प व्हायचे. पूर्वी खऱ्या तातीचं गटिंग असायचं, जनावराच्या आतड्याचं. पावसाळ्यात ते सैल पडतं म्हणून लोक जूनमध्ये रॅकेटी आमच्याकडंच आणून ठेवायचे. नायलॉन आलं तसं ते थांबलं.

१९९५ ला अण्णांनी मला मेरठला नेलं. मिरजेहून गोवा एक्सप्रेस, दिल्लीहून पुढं बस. सूरजकुंड रोडवर दोन्ही बाजूंनी नुसती खेळाची दुकानं आणि कारखाने. फाळणीत सियालकोटहून आलेल्या कारागिरांनी तिथं आणि जालंधरला हा धंदा नव्यानं उभा केला. तिथल्या एका म्हाताऱ्यानं मला बॅट कशी बघायची ते दाखवलं. लाकडातल्या रेषा मोजायच्या, पण रेषांवर विश्वास ठेवायचा नाही. चेंडू हळू आपटायचा आणि आवाज ऐकायचा, आणि हात कुठल्या बॅटवर थांबतो ते बघायचं. मी ते तीस वर्षं केलं. पाच हजारांच्या इंग्लिश विलो लाकडाच्या बॅटपेक्षा बाराशेची काश्मिरी बॅट पोराच्या हातात बरी बसली, तर तीच दिली. हेही धंद्याच्या दृष्टीनं चुकीचंच.

आता ऑनलाइनचं. पोरं यायची, बॅट हातात घ्यायची, दोन शॉट हवेत मारायची, स्टिकरचा फोटो काढायची आणि "पप्पांना विचारून येतो" म्हणून जायची. पप्पा कधीच हो म्हणाले नाहीत. पण आठ दिवसांनी तोच पोरगा फोनवरनं मागवलेली बॅट घेऊन यायचा, नॉकिंग करायला. नवी इंग्लिश विलो तशीच खेळायला घेतली तर पहिल्याच आठवड्यात कडेला फुटते. अळशीच्या तेलाचा हलका हात द्यायचा, वाळू द्यायची, मग लाकडी हातोडीनं पाच-सहा तास ठोकायची. ते काम घरपोच येत नव्हतं. आम्ही त्याचे तीनशे घ्यायचो, आणि बॅट विकून जे सुटायचं त्याच्या मानानं ते तीनशे वाईट नव्हते. त्यामुळं ऑनलाइननं आमचं खाल्लं, पण मारलं नाही. कोविडनंही नाही. उलट जून २०२० मध्ये शटर वर केलं आणि पंधरा दिवसांत दुकानातले सगळे कॅरम बोर्ड संपले. घरात कोंडलेल्या माणसांनी दोऱ्या, शटल, सोंगट्या, काय मिळेल ते नेलं.

पुरानं? २००५ ला पाणी गुडघ्यापर्यंत आलं, तेव्हा माल फक्त वरच्या फळीवर सरकवला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी ५७ फुटांवर. आठ दिवसांनी शटर उचकटून आत गेलो तर एक बॅट पंख्याच्या पात्यांवर आडवी बसलेली. विलो तरंगते. बॅटी, फुगवलेले फुटबॉल, शटलचे डबे, जे जे हलकं ते वर चढलं आणि पाणी उतरलं तसं जिथं अडकलं तिथं राहिलं. कॅरम बोर्ड पापडासारखे फुगलेले. चामड्याच्या चेंडूंना पांढरी बुरशी. वास असा की वर्षभर जाईना. मामा कमरेला पंचा बांधून चिखल काढत होते आणि मध्येच म्हणाले, "बाळ, गटिंगचं मशीन वाचलंय बघ." त्या दसऱ्याला आम्ही पुन्हा पूजा केली. तेव्हा बंद करायचं मनातही आलं नाही.

मग काय झालं? तर पहिलं, मैदानावरचा माणूसच दुकानदार झाला. बॅडमिंटनचे कोच शटलचे डबे थेट मागवून पोरांना विकायला लागले, अकॅडमीत इलेक्ट्रॉनिक गटिंगचं मशीन आलं, पोरगं शिकायला जातं तिथंच रॅकेट टाकतं आणि दुसऱ्या दिवशी घेतं. गैर काय त्यात? मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं. आणि शहरातल्या पालकांना चारशे रुपयांत दोन रॅकेटींची जोडी कव्हरसकट मिळायला लागली. गटिंगला अडीचशे सांगितले की ते माझ्याकडं असं बघायचे, जणू मी खिशात हात घातला.

दुसरं शाळांचं. डिसेंबरातल्या क्रीडा सप्ताहाआधी शाळांच्या ऑर्डरी यायच्या. लेझीम, डंबेल्स, रिंगा, थाळी, गोळा. गोळा वजनावर मिळतो, आणि पीटीच्या सरांचा विश्वास नसला की अण्णा शेजारच्या किराणा दुकानातला तराजू आणून चार किलोचा गोळा त्यांच्यासमोर मोजून द्यायचे. पुढं काही ठिकाणी मोजायचं दुसरंच निघालं. एका शाळेच्या कारकुनानं दहा टक्के मागितले. अण्णांनी खोक्यात दोन फुटबॉल जास्त टाकले आणि बिलावर लिहिलं, 'शाळेस भेट'. ती शाळा पुन्हा आली नाही. मीही असे बरेच फुटबॉल भेट दिले.

आणि तिसरं, जे मी कुणाला सांगत नाही. आम्ही कप विकले नाहीत.

हसू नका. आज कुठल्याही गावातलं खेळाचं दुकान बघा, समोरच्या कपाटात बॅट नसते. सोनेरी ट्रॉफ्या असतात, कमरेएवढ्या, खाली फायबरचं स्टँड, वर गरुड. मेडल्स किलोवर. आणि जर्सी. टेनिस बॉलची एक स्पर्धा म्हणजे सोळा संघ, प्रत्येकाचे पंधरा टी-शर्ट, छातीवर नेत्याचा फोटो, पाठीवर पोराचं नाव. प्रत्येक मॅचला सामनावीर, त्याला कप. बॅटी मात्र सगळ्या स्पर्धेत मिळून दहा, त्याही एकमेकांकडून मागून घेतलेल्या. पैसा त्या गरुडात आहे. बॅटीवर जेवढं सुटतं त्याच्या दुप्पट-तिप्पट ट्रॉफीत सुटतं, आणि ट्रॉफी परत घेऊन कुणी "ही चिरली" म्हणत येत नाही.

अण्णांकडं कुस्तीच्या मैदानासाठी कुणीतरी कप मागायला आलं होतं, फार जुनी गोष्ट. अण्णा म्हणाले, "कप पाहिजे तर भांडीवाल्याकडं जा." तेव्हा तो विनोद होता, कारण कप खरंच भांडीवाल्याकडं मिळायचे. पुढं तो आमच्या दुकानाचा नियम झाला. अण्णा २०११ ला गेले, तरी मी पाळला. का, ते मलाही नीट सांगता येत नाही. तत्त्व वगैरे म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे मला ते नग दिसायलाच आवडायचे नाहीत, आणि कॉम्प्युटर घेऊन जर्सी छापायचं शिकायचा कंटाळा होता. २०१७ साली एका मंडळाची पोरं सोळा संघांची ऑर्डर घेऊन आली होती. मी त्यांना पलीकडच्या गल्लीत पाठवलं, पत्ता सांगून! त्या पलीकडच्या दुकानदारानं त्यानंतर तीन माणसं कामाला ठेवली. ती ऑर्डर मी घेतली असती तर आज तुम्ही मला हा प्रश्न विचारला नसता, असं मला रात्री कधीकधी वाटतं. सकाळी वाटत नाही.

मामांच्या डोळ्यांचं ऑपरेशन २०२२ मध्ये झालं. चांगलं झालं, पण गट ओढायला हातात जोर उरला नव्हता. मी एका पोराला त्यांच्या हाताखाली लावलं. हुशार होता, तीन महिन्यांत बावीस पौंडापर्यंत नीट ताण द्यायला लागला. चौथ्या महिन्यात जर्सीवाल्याकडं गेला. तिथं पगार दीडपट आणि एसी. मी त्याला जाऊ नको म्हणाले नाही. कुठल्या तोंडानं म्हणणार? त्यानंतर वर्षभर दुरुस्ती आली की "होत नाही" सांगावं लागायचं. ते सांगून सांगून मी कंटाळले. नुसता माल विकायचा असेल तर तो माझ्यापेक्षा फोन बरा विकतो.

माझी मुलगी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. ती म्हणते, "तुझंच दुकान मी चालवते आई, फक्त माझ्याकडं गिऱ्हाईक मोडल्यावर येतं." तिनं दुकान घ्यावं असं मी कधी म्हटलं नाही आणि तिनंही विचारलं नाही.

गाळा भाड्यानं दिलाय. पलीकडच्या गल्लीतल्या त्याच दुकानदाराला, त्याला दुसरी शाखा हवी होती. चांगला माणूस आहे, भाडं एक तारखेला देतो. आता तिथं कप मांडलेत. परवा मामांना डॉक्टरकडं नेताना रिक्षा तिथून गेली, मामांनी मान वळवून पाहिलं आणि म्हणाले, "लायटिंग चांगली केलीय."

आता माझं एक काम. दुकान रिकामं करताना मागच्या कपाटातून चौदा रॅकेटी निघाल्या, दुरुस्त होऊन कुणी न नेलेल्या. प्रत्येकीला मामांच्या अक्षरातली चिठ्ठी आहे, आडनाव आणि फोन नंबर. काही नंबर पाच आकडी आहेत, तेव्हाचे. एक रॅकेट लाकडी आहे, प्रेसच्या चौकटीत आवळून ठेवलेली, अजून सरळ. तिघांनी आगाऊ पैसे भरलेत, चिठ्ठीवर 'पोहोचले' लिहिलंय. आमच्या घरी दिवाणखान्यात उभ्या आहेत. तुमच्या घरातल्या कुणी आमच्याकडं रॅकेट टाकून विसरलं असेल तर येऊन बघा. दुपारी दोन ते चार सोडून कधीही. सोंगट्यांचा डबाही आहे.