चिशांग : तैवानमधलं भाताचं गाव

तैवान म्हटलं की आपल्याकडे लोकांना तैपेईचा तो उंच टॉवर आठवतो नाहीतर मोबाईलच्या चिप्स, पण मला कोणी विचारलं की तिकडे एकच ठिकाण बघायचं असेल तर कुठे जाऊ, तर मी डोळे झाकून चिशांग सांगेन. तैतुंग जिल्ह्यातलं छोटंसं गाव, आसपासच्या वाड्या-वस्त्या धरून आठ हजारांच्या आसपास लोक, आणि बाकी सगळं भात. खरंच सांगते, स्टेशनातून बाहेर पडून दहा मिनिटं सायकल चालवली की समोर भाताशिवाय काही दिसत नाही.

माझी मामेबहीण तैवानमधल्या सिंचू शहरात पीएचडी करते, तिला मँडरिन बऱ्यापैकी येतं म्हणून हा प्रवास जमला, कारण चिशांगमध्ये इंग्रजीचा फार उपयोग नाही. आम्ही तैपेईहून ट्रेन घेतली, फास्ट गाडीला साडेतीन तासांच्या आसपास लागतात. डावीकडची खिडकी मिळाली तर बघा, ह्वालियेनपर्यंत मधूनमधून समुद्र दिसत राहतो, आणि ह्वालियेन सोडलं की गाडी दोन डोंगररांगांच्या मधल्या दरीत शिरते. उजवीकडे मध्यवर्ती पर्वतरांग, उंचच उंच, ढगात डोकं घातलेली, डावीकडे किनाऱ्याची बुटकी रांग. ही दरी दीडशे किलोमीटरहून लांब आहे आणि ती नुसती दरी नाही, युरेशियन आणि फिलिपाइन समुद्राची अशा दोन भूपट्ट्यांची ती शिवण आहे. चिशांग बरोबर त्या शिवणीवर बसलंय. तिथला फॉल्ट, म्हणजे जमिनीतली भेग, वर्षाला दोन-तीन सेंटीमीटर सरकतो, म्हणजे भूकंप नसतानासुद्धा, हळूहळू, त्यामुळे काही ठिकाणी गटारांच्या भिंती आणि पाटांचं काँक्रीट वाकडं झालेलं, तडकलेलं डोळ्यांनी बघता येतं. सप्टेंबर २०२२ मध्ये ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला त्याचं केंद्र चिशांगलाच होतं, जवळचा रेल्वेमार्ग नंतर काही महिने बंद होता. आम्ही ज्या मिनसूमध्ये (तिकडे होमस्टेला मिनसू म्हणतात) राहिलो तिथल्या आ-मा, म्हणजे आजी, हे सगळं भाजी निवडता निवडता सांगत होत्या, जमीन हलते हे त्यांच्यासाठी पाऊस पडतो तितकंच रोजचं. मला मात्र रात्री पलंगावर पडल्यावर ते आठवत राहिलं.

आता भाताबद्दल, कारण त्यासाठीच तर गेले होते. आमचं मूळ गाव भोर तालुक्यात, घरची इंद्रायणीची खाचरं आहेत, काका अजून करतात, त्यामुळे भाताचं शेत मला कधी "सिनरी" म्हणून बघताच येत नाही, पहिले डोळे जातात ते लोंबीकडे, बांधाकडे आणि पाणी कुठून येतंय तिकडे. नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता, दुसऱ्या हंगामाचं पीक कापणीला आलेलं. तिथे वर्षाला दोन पिकं घेतात, पहिलं जानेवारी-फेब्रुवारीत लावून जून-जुलैमध्ये कापायचं आणि लगेच दुसरं लावून नोव्हेंबरमध्ये, आणि मधल्या थंडीत खाचरं रिकामी न ठेवता मोहरीसारखी पिवळी फुलं येणारं पीक पेरतात, फुललं की पर्यटक फोटो काढतात आणि मग तेच नांगरून जमिनीत गाडतात, हिरवळीचं खत. आपल्याकडे ताग-धैंचा करतात तेच.

पाणी येतं शिनवूलू नदीचं, मोठ्या डोंगररांगेतून उतरणारं, थंड आणि स्वच्छ. जपानी राजवटीत, म्हणजे १८९५ ते १९४५ च्या काळात, बांधलेले पाट अजून चालू आहेत. त्यातला एक पाट तर बघण्यासारखाच आहे, जमिनीच्या वर उचलून दगडी भिंतीवरून नेलाय, आपण रस्त्यावर उभे आणि पाणी आपल्यापेक्षा वरून खळखळत जातंय. मी त्याच्याशेजारी बराच वेळ उभी होते. त्या काळात इथला तांदूळ जपानच्या सम्राटाला पाठवायचे असं गावातले लोक आजही अभिमानाने सांगतात.

सगळे पर्यटक जातात ते बोलांग दादाओला, म्हणजे मिस्टर ब्राऊन कॉफीच्या जाहिरातीवरून नाव पडलेला सरळसोट शेतरस्ता. दोन्ही बाजूला सुमारे १७५ हेक्टर भात आणि त्यात विजेचा एकही खांब नाही! एकही नाही, तार नाही, दिवा नाही. तिथे गेल्यावर पहिल्यांदा नुसतं छान वाटतं, काय वेगळं आहे ते कळतच नाही, मग लक्षात येतं की नजर कुठेच अडत नाहीये. पुढे एक झाड आहे, २०१३ मध्ये एका एअरलाइनच्या जाहिरातीत अभिनेता ताकेशी कानेशिरो त्याच्याखाली चहा पीत बसला आणि झाड देशभर फेमस झालं. पुढच्याच वर्षी जुलैमध्ये मात्मो वादळात ते मुळासकट पडलं, तर लोकांनी तज्ज्ञ बोलावून ते परत उभं केलं, टेकू देऊन, आणि ते जगलं. त्या झाडापाशी रांग असते फोटोसाठी. आम्ही नमस्कार करून पुढे निघालो.

कारण पुढे एक शेतकरीकाका बांधावर उभे होते, साठीच्या पुढचे, गमबूट घातलेले, हातात लोंबी. त्यांनी एक दाणा नखाने सोलला, दाताखाली धरला आणि मान हलवली. मी पण शेजारून एक दाणा उचलून तसंच केलं (आमच्याकडे कापणीचा दिवस असाच ठरतो, दाणा कटकन तुटला पाहिजे), तर ते एकदम खुलले आणि बहिणीला विचारायला लागले की ही कुठली, हिच्याकडे भात आहे का, किती आहे, कुठली जात, पाऊस किती. मग खांबांचा विषय मी काढला. ते म्हणाले रात्री उजेड पडला की भात फुलोऱ्यावर यायला उशीर करतं, दिव्याच्या आसपासचं पीक हिरवंच राहतं, म्हणून शेतात दिवे नकोत असं इथल्या शेतकऱ्यांचं म्हणणं. हे ऐकून मला इतकं भरून आलं म्हणून सांगू! आमच्या हायवेकडच्या खाचरात अगदी हेच होतं, बाजूच्या हॉटेलने मोठे हॅलोजन लावल्यापासून त्या कोपऱ्यातला भात पंधरा-पंधरा दिवस मागे राहतो आणि काका बोलून बोलून दमले, कोणी ऐकत नाही. इथे मात्र शेतकऱ्याला जे नको ते गावाने नको म्हटलं, आणि आज तोच अंधार आणि तेच मोकळं आभाळ बघायला लोक लांबून येतात. पर्यटनासाठी म्हणून कोणी खांब ठेवले नाहीत असं नाहीये ते. पहिलं पीक, बाकी नंतर.

आणि हे जमतं कशामुळे, तर भाताला भाव आहे म्हणून. तैवान १ जानेवारी २००२ ला डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत, गेलं, बाहेरचा तांदूळ येणार म्हणून सगळे भाताचे शेतकरी धास्तावलेले, त्यात चिशांगचं नाव लावून कुठलाही तांदूळ बाजारात खपवला जायचा. तेव्हा गावाच्या प्रशासनाने स्वतः पुढाकार घेऊन "चिशांग तांदूळ" हे उगमस्थानाचं प्रमाणचिन्ह २००३ मध्ये नोंदवून घेतलं, तैवानमधलं असं हे पहिलंच. आता प्रत्येक पिशवीवर नंबर असलेलं स्टिकर. पीक गावातच झालं पाहिजे, तपासणीत पास झालं पाहिजे, तेव्हाच स्टिकर मिळतं. आणि गिरण्या नुसतं वजन बघून घेत नाहीत, दर्जा बघतात, चांगल्या भाताला जास्त पैसे, त्यामुळे खत जास्त मारून उतारा वाढवण्यापेक्षा चवीकडे लक्ष देणं परवडतं. शेतकरी संघाच्या दुकानात मी ती पिशवी हातात घेऊन स्टिकर अंगठ्याने चाचपून बघत होते, दुकानातल्या ताई बघतच राहिल्या.

आपल्याकडे आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे, आंबेमोहरलाही आहे, कागद आहेत सगळे. पण पुण्यात दुकानात जाऊन आंबेमोहर मागा आणि तो मुळशीत पिकलाय का विचारा, दुकानदार तुमच्याकडे कसा बघतो ते बघा. मला नुसतं तैवानचं गुणगान करायचं नाहीये, तिकडेही पोरं शहरात गेलीत, शेतात दिसणारे बहुतेक जण वयस्कर आहेत, जमिनीचे तुकडे छोटेच आहेत. फरक इतकाच वाटला की नावाचा मालक गाव आहे आणि गाव ते नाव रोज वापरतं, राखतं.

या नावाला अजून एक गोष्ट लागली, ती म्हणजे शरदातला महोत्सव. २००९ पासून कापणीच्या आधी शेताच्या मधोमध स्टेज बांधून कार्यक्रम होतात, मागे पडदा नाही, डोंगर आणि ढग. २०१३ मध्ये लिन ह्वाय-मिन यांच्या क्लाउड गेट या नृत्यसंस्थेने भातावरचं नृत्य इथे खाचरात केलं, त्या आधी त्यांचे नर्तक इथे येऊन कापणीला हात लावून गेले होते. आम्हाला महोत्सव मिळाला नाही, पण गावात एक जुनं धान्याचं कोठार आहे त्याचं २०१७ मध्ये कलादालन केलंय, ते बघितलं. बाहेरून कोठारच दिसतं, उगाच चकचकीत केलेलं नाही, ते फार आवडलं.

खाण्याचं सांगते, कारण शाकाहारी लोक आधी तेच विचारतात. चिशांगचा डबा प्रसिद्ध आहे, पातळ लाकडी खोक्यात भात आणि वर मांसाचे काप, सॉसेज, अंडं, लोणच्यासारखं काहीतरी. जपानी काळात लांबच्या रेल्वेप्रवाशांसाठी स्टेशनवर खाणं विकायला सुरुवात झाली त्यातून हा आला. लाकूड जादा वाफ शोषून घेतं म्हणून भात गार झाला तरी चिकचिकत नाही. शाकाहारी हवा असेल तर "सूशी" म्हणायचं, सु वर जोर देऊन, जपानी सुशी वेगळी. आणि हो, तैवानमध्ये शाकाहारी खानावळीच्या पाटीवर स्वस्तिक असतं, बौद्ध परंपरेमुळे, आणि बऱ्याच ठिकाणी कांदा-लसूणही नसतो. माझी आई असती तर चातुर्मासातसुद्धा निवांत जेवली असती.

पण खरी मजा सकाळी दौपीच्या दुकानात. सोयाबीनचं दूध मोठ्या चौकोनी कढयांत गरम होत असतं, दुधावर साय यावी तशी त्यावर पातळ पापुद्रा धरतो, आणि तिथल्या मावशी तो काठाकाठाने सोडवून अलगद वर उचलतात, अख्खाच्या अख्खा, न फाटता, आणि बांबूवर वाळत टाकतात. थेंब गळत असतात, सगळीकडे वाफ, एका कढईचं होईपर्यंत पहिल्या कढईवर परत साय. तीच दौपी घडी घालून तव्यावर खरपूस करून सोया सॉसबरोबर देतात. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ पदर. लवकर संपते, नऊच्या आत गाठा.

रात्री आ-मांनी नुसता भात वाढला पहिल्यांदा. बाजूला काही नाही. आधी असाच खा म्हणाल्या. आखूड, गोलसर दाणा, चमक असलेला, एकमेकाला धरून राहणारा पण गिचका नाही, आणि चावल्यावर गोडी येते ती शेवटपर्यंत राहते. इंद्रायणीचा वास त्याला नाही हे मी प्रामाणिकपणे सांगेन, वासात आपला पुढे आहे, पण ती गोडी वेगळीच. मी दुसऱ्यांदा मागून घेतला तेव्हा आ-मांच्या चेहऱ्यावर जे काही आलं ना, कुठल्याही सुगरणीच्या चेहऱ्यावर येतं तेच.

काकांना व्हिडिओ कॉल करून शेतातूनच सगळं दाखवलं. हार्वेस्टर बघून त्यांना काही वाटलं नाही, पाट बघून वा म्हणाले, आणि स्टिकरचं सांगितल्यावर गप्प झाले आणि मग प्रश्नच प्रश्न, तपासायला कोण येतं, त्याचा पगार कोण देतं, भाव कापणीच्या आधी ठरतो का नंतर, एखाद्याचं नापास झालं तर तो माल कुठे घालतो. सगळ्याची उत्तरं मला तेव्हा देता आली नाहीत, बहिणीने शेतकरी संघातून माहितीपत्रकं घेतलीत, ती भाषांतर करून पाठवणार आहे. भोरमधले आमच्या ओळखीचे काही शेतकरी एकत्र इंद्रायणी विकायचं म्हणतायत, त्यांना ती द्यायची आहेत.

जायचं असेल तर जूनचा पहिला पंधरवडा किंवा ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबरची सुरुवात बघा, पीक सोन्यासारखं असतं. ट्रेनची बुकिंग २८ दिवस आधी उघडते आणि सुट्टीच्या दिवसांची तिकिटं पटापट संपतात, त्यामुळे शनिवार-रविवार टाळलेला बरा. सायकल स्टेशनसमोरच भाड्याने मिळते, इलेक्ट्रिकही मिळते पण साधीच घ्या, रस्ता बहुतेक सपाट आहे. टॉर्च न्या, कारण शेतरस्त्यांवर रात्री खरोखर काही दिसत नाही. आणि बांधावरून चालताना लोंब्या तुडवू नका, फोटोसाठी तर नाहीच नाही, कोणाचं तरी वर्षाचं पीक आहे ते.